ढाप्याखालचा हिशोब

नाशिकमधल्या आमच्या सोसायटीतली, २०२४ च्या जूनमधली गोष्ट. पहिला मोठा पाऊस पडून गेला होता आणि सकाळी सहाला दूधवाल्याने बेल वाजवून सांगितलं, ताई खाली ढाप्यातून पाणी येतंय. पाणी कसलं, वास जिन्यापर्यंत आला होता. खाली जाऊन बघते तर पार्किंगमधल्या चेंबरचा ढापा एका बाजूने उचलला गेलेला आणि चोवीस घरांची सकाळ हळूहळू गाड्यांच्या टायरखालून गेटकडे निघालेली. मी सोसायटीची खजिनदार, म्हणजे ज्या कामाला कुणी हात वर करत नाही त्या कामाला मागच्या मीटिंगमध्ये माझा हात कुणीतरी वर केला होता. त्यामुळे त्या दिवशी पहिला फोन मला, दुसरा पण मला आणि तिसरा फोन चेअरमननी मलाच केला की काय झालंय.

एक सांगून टाकते, हे सगळं आमच्याच आवारातलं होतं. बाहेरच्या मेन लाईनचा काही संबंध नव्हता, आमच्या शेवटच्या चेंबरपासून रस्त्यावरच्या चेंबरपर्यंतचा जो तुकडा आहे तो आमचा, आणि तोच तुंबला होता. पहिल्यांदा जो माणूस बोलावला तो म्हणाला आत पोरगा उतरवतो, दोन हजार द्या, अर्ध्या तासात मोकळं. मी नाही म्हटलं. २०१३ च्या कायद्याने सुरक्षेच्या साधनांशिवाय माणूस गटारात उतरवणं हा गुन्हा आहे आणि २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूला तीस लाख भरपाई सांगितलीये, हे मला पाठ आहे, पण खरं कारण कायदा नव्हतं, तो पोरगा माझ्या मुलाच्या वयाचा होता आणि पायात स्लीपर. मग जेटिंगची, म्हणजे दाबाने पाणी मारून गटार मोकळं करणारी गाडी बोलावली, तिने जोर लावला, पाणी गेलं, आणि आठ दिवसांनी परत तेच.

शेवटी खोदलं. आणि खोदल्यावर जे निघालं ते मी अजून विसरले नाही. जुने स्टोनवेअरचे पाईप होते, ते तपकिरी चकचकीत, सहा इंची. पाईप तसे ठणठणीत, टिचकी मारली तर मडक्यासारखे वाजत होते. पण दोन पाईपांच्या जोडात जे सिमेंट होतं ते गेलेलं आणि त्या फटीतून कंपाउंडच्या गुलमोहराचं मूळ आत शिरलेलं. शिरताना सुतळीएवढं, आणि आत जाऊन त्याला असे केस फुटलेले की सात-आठ फूट लांब, बोटभर जाड नाही तर मांडीएवढी जाड काळी वेणीच. मिस्त्रीने ती ओढून बाहेर काढली तेव्हा वॉचमनची बायको म्हणाली, अगं बाई, म्हैस व्यायलीये का काय. मिस्त्री पाणसळ लावून बसला आणि म्हणाला, ताई मूळ तर आहेच पण तुमचा ढाळ पण गेलाय, मधे लाईन बसलीये, गाडीचं वजन. ढाळ, म्हणजे पाईपाचा उतार, गेला की पाणी पुढे जातं आणि गाळ मागे राहतो, झालं. गटाराचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे, नंतर मी वाचलं तेव्हा कळलं की इंजिनियर लोकपण हेच म्हणतात, फक्त आकड्यात म्हणतात, की पाण्याला सेकंदाला निदान साठ सेंटिमीटर वेग मिळाला पाहिजे तर ते आपला गाळ आपण वाहून नेतं.

आता पैसे. शेवटच्या तीन चेंबरसकट लाईन नवी, खोदाई, वर परत काँक्रीट, सगळं मिळून ३ लाख ८४ हजार. चोवीस फ्लॅट, घरटी सोळा हजार. सोसायटीच्या खात्यात तेव्हा होते ४१ हजार, त्यातले लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे द्यायचे होते. मग सोळा हजार मागायला मी घरोघर. कुणी लगेच दिले, कुणी तीन हप्ते मागितले, एक फ्लॅट भाड्याने आहे त्याचे मालक पुण्याला, ते म्हणाले मी तर तिथे राहतच नाही मी संडास वापरतच नाही. दुसऱ्या मजल्यावरचे काका, वय ७४, त्यांनी चष्मा काढून शांतपणे विचारलं, हा नवा पाईप किती वर्षं टिकेल? मी उत्साहात म्हटलं, काका पन्नास वर्षं बघायला नको. तर म्हणाले, मग पन्नास वर्षांचे पैसे मी एकट्याने आत्ता का द्यायचे?

मला तेव्हा राग आला होता. पण प्रश्न चुकीचा नाहीये, आणि तो फक्त आमच्या काकांचा नाहीये, त्याच्याकडे परत येते.

त्याच आठवड्यात मी सोसायटीची जुनी रजिस्टरं काढली. बिल्डिंग १९८९ ची. पहिले खजिनदार माझे सासरे होते, त्यांचं अक्षर मोत्यासारखं आणि स्वभाव त्याहून काटेकोर. पहिल्या पाच वर्षांत दर महिन्याला एक कॉलम, सिंकिंग फंड. हाऊसिंग सोसायटीच्या उपविधीत हे असतंच, बांधकामाच्या खर्चाच्या वर्षाला निदान पाव टक्का प्रत्येक फ्लॅटने बाजूला टाकायचा, पुढे मोठं काम निघालं तर. आणि १९९४ च्या सभेचा ठराव, सासऱ्यांच्याच अक्षरात, इमारत नवीन असल्याने सदर वर्गणी तूर्त स्थगित करण्यात येत आहे. तूर्त. तीस वर्षं तूर्त चाललं ते. आणि साठलेलं जे होतं ते दोन वर्षांनी रंगकामात गेलं.

मी टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात काम करते, मला आकडे दिसले की हात शिवशिवतात, म्हणून मांडून बघितलं. तेव्हा एका फ्लॅटचा बांधकाम खर्च दीड लाख धरला तर पाव टक्का म्हणजे वर्षाला ३७५ रुपये. महिन्याला एकतीस रुपये आणि वर चिल्लर. चोवीस फ्लॅटचे वर्षाला नऊ हजार. पस्तीस वर्षांचे नुसते मुद्दल ३ लाख १५ हजार, आणि एफडीत आठ टक्क्याने ठेवत गेलो असतो तर साडेपंधरा लाख. म्हणजे लाईनही झाली असती, लिफ्टही बदलली असती आणि पुण्याच्या मालकांशी माझं बोलणं राहिलं असतं. महिन्याला एकतीस रुपये वाचवून आम्ही हे कमावलं.

आणि मग डोक्यात आलं की आमचं ठीक आहे, आम्ही चोवीस घरं. शहराचं काय?

थोडं गणित अजून. माणशी दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात आणि त्यातलं ऐंशी टक्के परत गटारात येतं असं धरतात. चौघांच्या घराचे चारशे लिटरच्या वर झाले. म्हणजे आमची एकटी बिल्डिंग रोज एक मोठा टँकर भरून शहराला देते. नाशिकची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या १४ लाख ८६ हजार, त्यानंतर किती वाढली ते गंगापूर रोडवर संध्याकाळी गाडी घेऊन निघालं की कळतं. हे सगळं जमिनीखालून कुठेतरी जातं. आपल्याकडे गोदावरी पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरते म्हणून बरंचसं आपोआप खालच्या अंगाला जातं, तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक इथल्या मलजल केंद्रांवर, आणि जिथे जमिनीचा ढाळ साथ देत नाही तिथे पंपिंग. नाशिककर म्हणून आपल्याला गंगापूर धरण किती टक्के भरलं ते रोज माहीत असतं, पाणी आत येतं तो आकडा पाठ. बाहेर जातं त्याचा आकडा कुणाला विचारा.

आणि पाईप म्हातारे होतात. स्टोनवेअरचे जोडात जातात, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मोठ्या लाईन सिमेंट काँक्रीटच्या असतात, त्यांचं दुखणं वेगळं. आत मलजल सडलं की हायड्रोजन सल्फाईड गॅस होतो, तोच तो सडक्या अंड्याचा वास, तो वर चढून पाईपाच्या छताला लागतो, तिथल्या ओलाव्यात जंतू त्याचं गंधकाम्ल करतात आणि ते आम्ल काँक्रीट खातं. म्हणजे पाईप खालून झिजत नाही, वरून खाल्ला जातो. वरून रस्ता दिसायला झकास, डांबर नवं, आणि एक दिवस अचानक रस्त्याला खड्डा पडतो ज्यात रिक्षा जाईल. जगभर अनेक शहरांत असंच होतं. गटाराच्या लाईनचं डिझाईन साधारण तीस वर्षांचं धरून करतात, त्यापुढे चालली तर चालली. जुन्या नाशकात तर अजून गुंता, खाली सरस्वती नाला झाकलेला, वर सराफ बाजार, गोदेला पूर आला की पाणी पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या किती वर गेलं हे बघायला लोक पुलावर, आणि इकडे ढाप्यातून उलटं पाणी बाजारात. नदी भरली की गटाराला जायला जागाच राहत नाही, ते मागे फिरतं.

तर हे बदलायचे पैसे कुठून येतात हे मी गेले काही महिने फावल्या वेळात शोधत बसले, नवरा म्हणतो तुला छंद म्हणून काहीतरी बरं सुचत नाही का.

पहिली जागा आपल्या हातातलीच, घरपट्टीचं बिल. आपण फक्त खालचा एकूण आकडा बघतो आणि एप्रिलमध्ये भरला तर सूट किती तेवढं. पण वर ओळी असतात, सामान्य कर, शिक्षण कर, अग्निशमन, वृक्ष, रोजगार हमी, आणि त्यातच मलनिस्सारणाच्या नावाने एक. यातला राज्याचा शिक्षण कर आणि रोजगार हमीचा पैसा मनपाचा नसतोच, ती फक्त गोळा करून पुढे पाठवते. आणि मलनिस्सारणाचा जो आहे तो तुमच्या घराच्या करयोग्य मूल्यावर, म्हणजे अंदाजी भाड्यावरून ठरवलेल्या किमतीवर, टक्केवारीने, तुम्ही किती पाणी सोडता यावर नाही. म्हणजे बंद फ्लॅटचे मालक आणि पाच जणांचं कुटुंब यांचा सारखाच. मुंबईत मीटरवर पाणी असेल तर पाण्याच्या बिलावरच ठराविक टक्के मलनिस्सारण आकार लागतो, ते मला जास्त न्यायाचं वाटतं, जितकं प्याल तितकं सोडाल. पण या ओळीतून येणारा पैसा रोजच्या चालवण्याला लागतो, चोकअप काढणं, जेटिंगच्या गाड्या, पंपांची वीज, पगार. लाईन बदलायला त्यातून काय उरणार.

दुसरी जागा दिल्ली आणि मुंबई, म्हणजे केंद्र आणि राज्य सरकार. डिसेंबर २००५ मध्ये जेएनएनयूआरएम ही शहरांसाठीची केंद्राची योजना आली, त्यात नाशिक होतं, आपली भुयारी गटार योजना आणि पावसाळी गटार योजना दोन्ही तिच्यातून झाल्या. दहा ते चाळीस लाख वस्तीच्या शहरांना हिशोब असा होता की शंभरातले पन्नास केंद्र, वीस राज्य, तीस महापालिका. मग २०१५ मध्ये अमृत ही केंद्राची पुढची योजना, त्यात दहा लाखांच्या वरच्या शहराला केंद्राचा एक तृतीयांश. २०२१ मध्ये अमृत २, त्यात पंचवीस टक्के. बघा हं, पन्नास, तेहतीस, पंचवीस. मोठं शहर आहात, आपलं आपण बघा असा अर्थ मी काढला. जुन्या लाईन बदलणं या योजनांच्या यादीत बसतं, नाही असं नाही. पण जिथे गटारच पोचलेलं नाही अशी कॉलनी एका बाजूला आणि जिथे आहे, चालतंय, फक्त म्हातारं झालंय असं गावठाण दुसऱ्या बाजूला, तर पैसा कुठे जाणार ते सांगायला नको. आणि नव्या केंद्राचं उद्घाटन होतं, कोनशिला बसते, फोटो येतो. जुना पाईप काढून नवा टाकला तर नारळ फोडायला दगडसुद्धा नसतो, वर लोकांच्या शिव्या की रस्ता का खोदला.

तिसरी जागा कर्ज. आणि इथे मला एक गंमत सापडली जी माझ्या ऑफिसात पण कुणाला माहीत नव्हती. नाशिक महापालिकेने १९९९ मध्ये शंभर कोटींचे बाँड, म्हणजे कर्जरोखे, काढले होते, पाणी आणि मलनिस्सारणासाठीच. अहमदाबादने १९९८ मध्ये राज्य सरकारच्या हमीशिवाय काढले तेव्हा केवढा गवगवा झाला, त्याच्या पुढच्या वर्षी आपण. २००२ मध्ये परत पन्नास कोटींचे. व्याज किती होतं ऐका, पहिल्याला पावणेपंधरा टक्के! शंभर कोटींवर वर्षाला १४ कोटी ७५ लाख नुसतं व्याज. तेव्हा बाजारातच दर तसे होते, अहमदाबादला पण चौदा लागले. पण देणाऱ्यांनी विश्वास कशावर ठेवला तर शहरात येणाऱ्या मालावरच्या जकातीवर. काही जकात नाक्यांचा पैसा वेगळ्या खात्यात, एस्क्रोत, आधी बाँडवाल्यांचे द्यायचे मग मनपाने हात लावायचा. म्हणजे नाक्यावर रात्री अडीचला जो ट्रक थांबायचा, ड्रायव्हर खाली उतरून पावती फाडायचा, त्या पावतीतले काही रुपये नाशिकच्या पाईपात जात होते. मला हे वाचून फार आवडलं, का ते सांगता येणार नाही.

ती जकात गेली. २०१३ मध्ये तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला, दोन वर्षांनी बहुतेक व्यापाऱ्यांसाठी तोही उठला, २०१७ ला जीएसटी. आता राज्य सरकार महापालिकेला दरमहा भरपाई देतं, दरवर्षी आठ टक्क्याने वाढवून. पैसा नियमित येतो, तक्रार नाही, पण हात आता शहराचा नाही, दुसऱ्याच्या खिशातून ठरलेला भत्ता. शहराच्या स्वतःच्या हातात काय राहिलं तर घरपट्टी, पाणीपट्टी आणि बिल्डरकडून येणारं विकास शुल्क. विकास शुल्क येतं नव्या बांधकामावर, त्यामुळे पाथर्डी फाट्याकडे टॉवर झाला तर पैसा येतो, रविवार कारंज्याजवळच्या वाड्याखालची लाईन कुजली तर कुणी शुल्क भरत नाही.

आता काकांचा प्रश्न. पन्नास वर्षं टिकणाऱ्या वस्तूचे पैसे आजच्या माणसाने एकदम का द्यायचे? बाँडचं उत्तर तेच आहे. आज काढा, पाईप टाका, आणि जे जे लोक तो पाईप वापरतील ते ते दर वर्षी थोडं थोडं फेडतील, त्यात आज जन्माला न आलेला पण आला. घरासाठी होमलोन काढतो तेच. २०१७ मध्ये पुण्याने पाण्यासाठी दोनशे कोटींचे बाँड काढले, ७.५९ टक्क्याने, म्हणजे आपल्या १९९९ च्या निम्म्या दराने. अमृतमध्ये तर बाँड काढणाऱ्या शहराला केंद्राने शंभर कोटींमागे तेरा कोटी प्रोत्साहन ठेवलं. आणि २०२५ मध्ये नाशिकने परत काढले, क्लीन गोदावरी बाँड, दोनशे कोटी, एनएसई या शेअर बाजारात लिस्ट झाले. कुंभमेळा २०२७ ला आहे, नदी स्वच्छ दिसली पाहिजे, त्यासाठी. चांगलंच आहे. पण बाँड म्हणजे पैसा नाही हो, बाँड म्हणजे पैसा कधी द्यायचा ते. द्यायचा आपणच. हे मी ऑफिसात तीन जणांना समजावलं, तिघांनी विचारलं त्यात गुंतवणूक करू का.

माझा भाचा अटलांटाला आहे, अमेरिकेत. त्याच्याकडे पाण्यापेक्षा गटाराचं बिल जास्त येतं, मला आधी खोटं वाटलं. तिथली गोष्ट अशी की त्यांची चॅटाहूची नावाची नदी, तिच्यात पाऊस झाला की गटार जायचं, नदीवाल्यांनी केस केली, कोर्टात शहराला मान्य करावं लागलं की अमुक वर्षांत सगळं दुरुस्त करतो. आपल्याकडे पण गोदावरीसाठी २०१२ मध्ये हायकोर्टात जनहित याचिका झाली, तेव्हापासून नाल्यातलं पाणी नदीत का, हे विचारलं जातंय, म्हणजे नद्यांचं नशीब सगळीकडे सारखंच. तर अटलांटात शर्ली फ्रँकलिन नावाच्या महापौर बाई होत्या, त्यांनी गटार हाच विषय इतका लावून धरला की त्यांना गटारवाल्या महापौर म्हणायला लागले आणि त्यांनी ते मिरवलं. दर वाढवलेच, शिवाय २००४ मध्ये मतदान घेऊन शहरातल्या खरेदीवर एक टक्का जादा कर लावला, फक्त पाणी आणि गटारासाठी. दर चार वर्षांनी परत लोकांना विचारायचं, ठेवू का? आणि लोक हो म्हणतात, २०२४ मध्ये पण म्हणाले. भाचा म्हणतो कारण साधं आहे मावशी, तो कर बाहेरून आलेले लोक पण भरतात, जे शहरात येतात, खातात, संडास वापरतात आणि जातात.

हे ऐकून मी गप्पच झाले. कारण नाशिकपेक्षा कुणाला हे जास्त लागू आहे? रामकुंडावर वर्षभर लोक, श्रावणात त्र्यंबकला जाणारे सगळे इथूनच, दर बारा वर्षांनी सिंहस्थ. ऑगस्ट २०२७ मध्ये अमृतस्नानाला जे येतील त्यांचं सगळं याच पाईपांतून तपोवनाकडे जाणार. जकात होती तेव्हा बाहेरून येणाऱ्या मालावर का होईना शहर काहीतरी घेत होतं. आता कुंभासाठी वेगळा निधी येतो, येतो तेव्हा भरपूर येतो, घाट होतात रस्ते होतात, आणि मग बारा वर्षांची उपासमार. पाईपाला बारा वर्षांनी एकदा जेवायची सवय नाही. देवाला आलेल्या माणसाकडून गटाराचे पैसे मागा असं मी म्हणत नाही, कुणी म्हणलं तर मीच पहिली भांडेन, पण विचार येतो डोक्यात.

आणि आता कबुली. २०१८ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा त्यांनी करयोग्य मूल्याचे दर वाढवले, मोकळ्या जागांवरसुद्धा. शहर पेटलं. मोर्चे, सभा, त्यांच्यावर अविश्वास ठराव आणायची तयारी झाली, मग तो बारगळला, नोव्हेंबरमध्ये त्यांची बदली. आमच्या ऑफिसात रोज लोक बिलं आणि नोटिसा घेऊन यायचे आणि मी त्यांच्या हरकतीचे अर्ज टाईप करून द्यायचे, एकाचा तर इतका छान झाला होता की पुढे कॉपी-पेस्ट करून अनेकांनी वापरला. वाढ अति होती, एकदम होती, शेतीच्या तुकड्याला पण लागत होती, त्यामुळे त्या अर्जांची मला लाज वाटत नाही. पण इतक्या वर्षांची न झालेली वाढ एकदम आली म्हणून ती अति झाली, आणि ती इतकी वर्षं का झाली नाही तर दर निवडणुकीला कुणीतरी म्हणत होतं, तूर्त स्थगित. सासऱ्यांच्या रजिस्टरात तो शब्द वाचला तेव्हा मला माझे ते अर्ज आठवले.

महापालिका कर्ज काढते तेव्हा ते फेडायला दरवर्षी पैसा बाजूला टाकते. पण पाईप झिजतोय म्हणून बाजूला टाकलाय असं मला अजून कुठल्या बजेटच्या बातमीत दिसलं नाही. ताळेबंदात घसारा, म्हणजे वस्तूच्या झिजेचा आकडा, लिहितात, जेएनएनयूआरएमने डबल एंट्री हिशोबाची सक्ती केली होती. पण घसारा लिहिणं आणि तेवढी रक्कम खरंच बँकेत ठेवणं यात फरक किती हे मी माझ्या क्लायंटांना वर्षानुवर्षं सांगते. पुस्तकात गाडी दहा वर्षांत शून्य होते, नवीन घ्यायला शून्यातून पैसे येत नाहीत.

ऑगस्टमध्ये आमची वार्षिक सभा झाली. मी सिंकिंग फंडाचा ठराव मांडला, घरटी महिना अडीचशे. दीड तास वादावादी. पुण्याचे मालक व्हिडिओ कॉलवर होते, त्यांचं नेटवर्क नेमकं मतदानाच्या वेळी गेलं. कुणीतरी म्हणालं आता नवीन लाईन टाकलीच आहे तर आता कशाला, आणि मी काही न बोलता १९९४ चं पान उघडून सगळ्यांसमोर फिरवलं. काकांनी ते सगळ्यात जास्त वेळ वाचलं, सासऱ्यांशी त्यांची बुद्धिबळाची बैठक असायची. मग म्हणाले अडीचशे जास्त आहे, दोनशे करा, आणि माझे वर्षाचे आत्ताच घ्या, नंतर विसरेन. दोनशेवर ठराव पास झाला, तेरा विरुद्ध सहा, बाकीचे चहाला गेले होते.

मिस्त्रीने सांगितलंय की दर सहा महिन्यांनी ढापा उघडून एकदा बघा, मुळाला परत वाट सापडायला वेळ लागत नाही. त्यातली ती काळी वेणी मी फेकू दिली नव्हती, वॉचमनच्या खोलीमागे वाळून सुतळीच्या गुंडाळीसारखी पडलीये. ढापा नवा आहे, मस्त जड, आणि त्याच्या बरोबर वर कुणीतरी रोज स्कूटर लावतं. सोमवारी मी चिठ्ठी चिकटवली, कृपया येथे गाडी लावू नये. काल चिठ्ठी नव्हती. स्कूटर होती.